गायनाचार्य विष्णु दिगंबर आणि विद्यार्थ्याची ओवरी

देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की प्रथम कळस डोळ्यांपुढे येतो, मग गाभारा, मग सभामंडप. सभामंडपाच्या कडेने असलेल्या ओवऱ्यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक गावचे देऊळ परगावच्या माणसाला प्रथम आसरा देते ते या ओवरीतच. पंढरीला निघालेला वारकरी, तुळजापूरला नवस फेडायला निघालेले कुटुंब, पावसात अडकलेला वाटसरू, चातुर्मासात पोथी सांगणारे बुवा असे कितीतरी लोक येथे पाठ टेकून गेले. त्यांची नोंद कोणत्याही वहीत नाही. गाणे शिकण्यासाठी घर सोडून निघालेली मुलेही अशाच ओवऱ्यांतून राहून पुढे गेली, आणि त्यांतील काहींनी पुढे साऱ्या हिंदुस्थानात नाव मिळविले.

धाराशिव जिल्हा हा भजनाचा जिल्हा आहे. तेरला गोरोबाकाकांची समाधी आहे, तुळजापूरला आई भवानी आहे. गावोगावी एकादशीला वीणा उभा राहतो आणि टाळ-मृदंगाचा गजर होतो. अशा भजनात एखाद्या मुलाचा गळा एकदम वेगळा कानावर येतो. म्हातारी माणसे मान डोलावतात, बाया त्याच्या आईपाशी कौतुक करतात. पण त्या मुलाने रीतसर गाणे शिकायचे ठरविले की गाव सोडावे लागते. मग स्वरांची ओळख होण्याच्या आधीच तीन प्रश्न पुढे उभे राहतात. निजायचे कोठे? जेवायचे कोठे? आणि शिकता शिकता गळ्यावर चार पैसे कसे मिळवायचे?

या तीन प्रश्नांचा विचार ज्यांनी जन्मभर केला, स्वतः सोसले आणि इतरांना ते सोसावे लागू नये म्हणून संस्था उभी केली, ते गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर होत. मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या निमित्ताने त्यांच्या चरित्राचे स्मरण करणे उचित ठरेल.

कीर्तनकाराचे घर

विष्णु दिगंबर यांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी, श्रावणी पौर्णिमेला, कुरुंदवाड येथे झाला. कुरुंदवाड हे त्या वेळी पटवर्धनांचे लहानसे संस्थान होते. आज ते कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात आहे. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पूर्वज पलूस गावचे म्हणून पलुसकर हे नाव पडले. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार होते आणि मातोश्रींचे नाव गंगाबाई. कीर्तनकाराच्या घरातील मुलाला गाणे शिकवावे लागत नाही, ते कानावर पडतच असते. बुवांनी पद सुरू केले की मागे उभे राहून झील धरावी, टाळ सांभाळावा, अभंगाचे चरण पाठ असावेत, हे सारे अशा घरात पोरवयातच अंगवळणी पडते.

कुरुंदवाडजवळच नरसोबाची वाडी आहे. तेथे दत्तजयंतीचा उत्सव मोठा. या उत्सवात लहानग्या विष्णूच्या तोंडाजवळ फटाका उडाला आणि डोळ्यांना जबर इजा झाली. त्या काळी तातडीचे उपचार मिळण्याची सोय नव्हती. दृष्टी पुष्कळशी अधू झाली. शाळा सुटली. पोथी वाचता येईना, हिशेब लिहिता येईना. अशा मुलाचे पुढे व्हायचे कसे, ही चिंता आईवडिलांना लागून राहिली. उपचारासाठी त्याला मिरजेला नेण्यात आले. तेथील डॉ. भडभडे यांना डोळे पूर्ववत करता आले नाहीत. पण मुलाचा गळा त्यांच्या ध्यानात आला आणि याला गाणे शिकवावे असे त्यांनी सुचविले. डोळ्यांनी बंद केलेली वाट अशा रीतीने गळ्याने उघडली.

गुरूंची पायपीट

मिरजेला त्या वेळी पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांनाच दिले जाते. ही विद्या त्यांनी कशी मिळविली हे समजल्यावाचून शिष्याचे पुढील कार्य नीट कळणार नाही.

बाळकृष्णबुवांचा जन्म 1849 चा. त्यांच्या तरुणपणी महाराष्ट्रातील मुलाला ख्याल शिकायचा तर उत्तरेत जावे लागे, आणि जायचे म्हणजे बहुतेक वाट पायी तुडवायची. वाटेत देऊळ दिसले की ओवरीत मुक्काम, गावात माधुकरी मागून जेवण, रात्री कोणी ऐकणारे भेटले तर दोन पदे म्हणायची आणि मिळेल तो शिधा बांधून घ्यायचा. ते प्रथम धारला देवजीबुवांकडे राहिले आणि नंतर ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे शिकले. गुरूगृही राहायचे म्हणजे पाणी भरणे, सरपण आणणे, स्वयंपाकपाण्याला हात लावणे, निरोप पोहोचविणे ही कामे ओघानेच आली. तालीम केव्हा मिळेल ते गुरूंच्या मर्जीवर आणि घरातील माणसांच्या स्वभावावर. घरातील कोणाची मर्जी फिरली तर शिष्याचे वळकटे ओसरीबाहेर पडायला वेळ लागत नसे.

ज्यांना गुरूगृही जागा मिळत नसे ते गावात वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात घरांचे सात वार. एखाद्या घरी सोयर-सुतक निघाले किंवा पाहुणे आले की त्या दिवशी उपास. गाण्यावर मिळकत करायची तर कीर्तनात मागे उभे राहावे, देवळात उत्सवापुरती सेवा धरावी, किंवा मोठ्या गवयाच्या मागे तंबोरा घेऊन बसावे. यांतून मिळणारी बिदागी कधी रुपयाची, कधी नुसत्या नारळाची. या कष्टांतून पार पडलेले बाळकृष्णबुवा पुढे मुंबईला काही काळ राहिले. तेथे दम्याचा त्रास होऊ लागल्याने ते मिरजेकडे आले. महाराष्ट्राला ग्वाल्हेरचे गाणे घरच्या अंगणात मिळाले ते अशा पायपिटीतून.

मिरजेची नऊ वर्षे

तरुण विष्णूची स्थिती एका बाबतीत बरी होती. मिरजेच्या संस्थानिकांनी, श्रीमंत बाळासाहेब पटवर्धनांनी, त्याला आश्रय दिला. राहण्याजेवण्याची विवंचना दूर झाली. बुवांकडे शिकणाऱ्या सर्वांनाच ही सोय नव्हती. त्यामुळे निवारा मिळालेला विद्यार्थी आणि न मिळालेला विद्यार्थी यांतील फरक विष्णूने रोज जवळून पाहिला. पोटाची काळजी नसलेला मुलगा पहाटेपासून षड्ज लावून बसू शकतो. दुसऱ्याचा गळा तितकाच चांगला असला तरी त्याचा निम्मा दिवस अन्नाच्या शोधात जातो. पुढे स्वतःची शाळा काढताना त्यांनी जे नियम केले त्यांची मुळे या अनुभवात आहेत.

बाळकृष्णबुवांची शिस्त कडक होती. एकच पलटा दिवसचे दिवस घोटून घेण्याची पद्धत होती. नऊ वर्षांच्या या मेहनतीने विष्णूचा आवाज भरदार, दूरवर पोहोचणारा आणि सुरात पक्का झाला. त्या काळी ध्वनिवर्धक नव्हते. मोठ्या मंडपात शेवटच्या रांगेपर्यंत गाणे पोहोचवायचे ते छातीच्या बळावरच.

आश्रय होता, गुरू होते, नाव होऊ लागले होते. सामान्य माणसाने याहून अधिक काही मागितले नसते. परंतु 1896 मध्ये एक प्रसंग घडला असे सांगितले जाते. मिरजेतील एका समारंभाचे निमंत्रण विष्णूला आले, पण त्याच्या गुरूंना आले नाही. चौकशी केल्यावर उत्तर मिळाले ते असे की, त्याला बोलावले ते संस्थानिकांच्या मर्जीतला म्हणून, आणि बुवा काय, ते गवईच. ज्या माणसाने अर्धा हिंदुस्थान पायाखाली घालून ही विद्या आणली त्याला गावच्या समारंभात बसायला जागा नाही, ही गोष्ट शिष्याच्या मनाला फार लागली. आपल्या डोक्यावरील छप्पर हे मर्जीचे छप्पर आहे, विद्येच्या मानाचे नव्हे, हे त्याला उमगले. वयाच्या चोविसाव्या वर्षी त्याने तयार ताट आणि तयार बिछाना सोडून मिरज सोडली.

तिकीट लावून गाणे

यानंतरची चार-पाच वर्षे ही भटकंतीची होत. औंध, सातारा, बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, पंजाब असा हा प्रवास झाला. अधू दृष्टीचा माणूस, हाती तंबोरा, बरोबर एक-दोन सोबती, आणि पुढच्या गावी मुक्काम कोठे होईल याची खात्री नाही. बडोद्यास राजघराण्याकडून मान मिळाला. तरी तेथेच राजगायक म्हणून स्थिर होण्याचा मोह त्यांनी धरला नाही.

याच काळात, 1897 मध्ये, राजकोट येथे त्यांनी तिकीट लावून जाहीर गायन केले. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या काळी ती धाडसाची होती. चांगले गाणे दरबारात किंवा धनिकांच्या दिवाणखान्यात होई. ऐकणारे थोडे, देणारा एक. तो खूष झाला तर शालजोडी, नाही तर रिकाम्या हाताने परत. तिकीट लावल्याने हे सारे बदलले. दुकानदार, कारकून, शाळामास्तर आपापल्या ऐपतीप्रमाणे थोडे पैसे देऊन मांडीला मांडी लावून बसले. गवयाला कोणा एकाची मर्जी राखण्याचे कारण उरले नाही. शंभर जणांनी थोडे थोडे दिले की एका विद्येचे पोट भरते, हा धडा त्यांना येथे मिळाला. देवळाची वर्गणी गोळा करणाऱ्यांना हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही.

मथुरेस राहून त्यांनी ब्रज भाषेचा परिचय करून घेतला, कारण ख्यालाची पदे बहुधा त्याच बोलीत असतात आणि गाणाऱ्याला अर्थ कळला पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. तेथून ते पंजाबकडे वळले. मुलूख परका, भाषा निराळी, ओळखीचे माणूस नाही. नव्या गावी विद्येसाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याला जे जे अनुभव येतात ते सारे त्यांना या वयात पुन्हा एकदा आले.

लाहोरची शाळा

5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. ही शाळा कोणा एका राजाच्या खजिन्यावर नव्हे, तर लोकांच्या देणग्या आणि जलशांचे उत्पन्न यांवर चालावयाची होती. आरंभी विद्यार्थी फारसे आले नाहीत. चांगल्या घरची माणसे मुलांना गाणे शिकवायला कचरत असत, कारण गवई म्हटला की व्यसने आणि वाईट संगत, अशी लोकांची समजूत झाली होती. बुवा ठरलेल्या वेळी शाळा उघडीत आणि स्वतःच तंबोरा लावून गात बसत, असे सांगतात. हळूहळू लोक थांबून ऐकू लागले. मग मुले आली. पुढे स्त्रियांसाठीही वर्ग निघाले.

या शाळेत दोन प्रकारचे विद्यार्थी होते. काही जण गावातच राहणारे. ते फी भरून ठरावीक वेळी शिकून घरी जात. दुसरा वर्ग उपदेशकांचा. संगीत हेच ज्यांना आयुष्याचे काम करायचे आहे, पण ज्यांच्या घरी दमडी नाही, अशा मुलांसाठी तो होता. या मुलांच्या पालकांकडून नऊ वर्षांचा करार लिहून घेतला जाई. मुलाने नऊ वर्षे शाळा सोडायची नाही. शाळेने त्याला राहायला जागा, दोन वेळचे जेवण, कपडे आणि शिक्षण द्यायचे. नऊ हा आकडा सहज आलेला नव्हता; मिरजेत स्वतः बुवांनी तितकीच वर्षे घातली होती.

उपदेशक वर्गातील मुलाला फुकटचे अन्न खात असल्याची लाज वाटू नये, याची व्यवस्थाही करारातच होती. थोडे शिकून झाले की त्याने खालच्या वर्गाला शिकवायचे. जलशात बुवांच्या मागे तंबोरा धरायचा, साथ करायची, समूहगानात उभे राहायचे. वाद्ये दुरुस्त करायला आणि छापखान्यातील कामाला हात लावायचा. तयार झाल्यावर दुसऱ्या गावी जाऊन शाखा चालवायची. पूर्वी शिष्य गुरूच्या घरी पाणी भरी आणि ते पाणी भरणे व गाणे शिकणे यांचा काही संबंध नसे. येथे विद्यार्थ्याला दिलेले काम हे गाण्याचेच काम होते. काम करता करता तो शिकत होता आणि शिकता शिकता आपल्या जेवणाची परतफेड करीत होता. अर्धवेळ गाऊन शिक्षण पुरे करण्याची ही रीत बुवांनी शंभर वर्षांपूर्वीच बसविली.

शिस्त मात्र कडक होती. पहाटे उठणे, ठरलेल्या वेळी रियाज, वेळेवर जेवण, व्यसनाला पूर्ण मनाई. काही मुलांना ती सोसली नाही. पण या शिस्तीमुळेच गवई म्हणजे सभ्य गृहस्थ असू शकतो, हे लोकांना दिसले. गवयाला भाड्याने घर द्यायला लोक कचरत असत तो काळ मागे पडू लागला, याचे पुष्कळसे श्रेय या शिस्तीकडे जाते.

बाहेरगावी शिकवायला जाणाऱ्या शिष्याजवळ पुस्तक हवे, म्हणून बुवांनी स्वरलेखनाची पद्धत तयार केली आणि संगीताची क्रमिक पुस्तके छापली. संगीत बालप्रकाश हे त्यांतील एक. संगीतामृत प्रवाह हे मासिकही त्यांनी चालविले. स्वतःला नीट दिसत नसलेल्या माणसाने इतरांना वाचता यावे म्हणून छापखाना काढला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

शिष्यांची गोष्ट

या वसतिगृहाने किती मुले वाचविली याची दोन उदाहरणे पुरेत. गुजरातेतील खंबातजवळच्या जहाज गावी 1897 साली जन्मलेला ओंकारनाथ ठाकूर हा मुलगा अत्यंत गरिबीत वाढला. लहानपणीच त्याला परक्या घरी राबावे लागले. डुंगाजी नावाच्या एका उदार पारशी शेटजींनी त्याचा गळा ओळखला आणि मुंबईला बुवांकडे पाठविण्याची व्यवस्था केली. तोच मुलगा 1916 च्या सुमारास, विशीही पुरी झालेली नसताना, लाहोरच्या शाळेचा प्रमुख म्हणून गेला. पंडित ओंकारनाथ पुढे काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे आचार्य झाले. त्या शेटजींनी मुलाला शिकायला जागा मिळवून दिली. तेवढ्या दानातून केवढे फळ निघाले ते साऱ्या देशाने पाहिले.

दुसरे उदाहरण विनायकबुवा पटवर्धन यांचे. मिरजेत 1898 साली जन्मलेले विनायकबुवा 1907 मध्ये, अवघ्या नऊ वर्षांचे असताना, लाहोरला गेले. मिरजेपासून लाहोरपर्यंत आगगाडीचा काही दिवसांचा प्रवास, आणि उतरल्यावर भाषा परकी. अशा मुलाला आईबापांनी कोणाच्या भरवशावर पाठविले? शाळेत पोराला अन्न मिळेल, पांघरूण मिळेल आणि तो वाईट मार्गाला लागणार नाही, या भरवशावर. नारायणराव व्यास, शंकरराव व्यास, वामनराव पाध्ये, बी. आर. देवधर हेही याच पंक्तीतले. शिकून बाहेर पडल्यावर पोटाचा प्रश्न सर्वांचाच सुटला असे नाही. विनायकबुवांनीही 1922 पासून सुमारे दहा वर्षे गंधर्व नाटक मंडळीत काम केले. परंतु शिकण्याच्या वर्षांत तरी त्यांना दारोदार फिरावे लागले नाही.

इमारत गेली

1908 मध्ये बुवांनी मुंबईस शाळा काढली. विद्यार्थी वाढले, भाड्याच्या जागा अपुऱ्या पडू लागल्या. तेव्हा सँडहर्स्ट रोडवर स्वतःची इमारत बांधण्याचे त्यांनी मनावर घेतले. वर्ग, विद्यार्थ्यांचे राहणे, छापखाना, वाद्यांचा कारखाना असे सारे एका छपराखाली यावे ही इच्छा. 1915 मध्ये ही इमारत उभी राहिली. पण ती कर्जावर उभी होती. मुलांना अन्नवस्त्र फुकट, शिक्षण फुकट, आणि उत्पन्न मुख्यतः बुवांच्या गाण्याचे. एका गळ्याच्या कमाईवर एवढा संसार किती दिवस चालणार? गावोगाव जलसे करून मिळालेला पैसा व्याजात जाऊ लागला. अखेर 1924 च्या सुमारास सावकारांच्या कर्जापायी ही वास्तू हातची गेली.

याच काळात घरातही दुःखाचे डोंगर कोसळले होते. अनेक अपत्ये बालपणीच दगावली. 1921 साली जन्मलेला दत्तात्रय तेवढा वाचला. बुवांचे मन हळूहळू विरक्तीकडे झुकले. त्यांनी भगवी वस्त्रे धारण केली आणि नाशिकला पंचवटीत रामनाम आधाराश्रम काढला. तुलसीरामायणावर प्रवचन आणि रामनामाचे संकीर्तन हे त्यांचे मुख्य कार्य झाले. हजारो माणसांकडून एका सुरात रामधून म्हणवून घेण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. आज गावोगावी म्हटल्या जाणाऱ्या रामधुनीची चाल त्यांच्याच नावाशी जोडली जाते. कीर्तनकार पित्यामागे उभे राहून झील धरणारा मुलगा उत्तर वयात पुन्हा देवाच्या दारी येऊन उभा राहिला.

त्यांचा बाणा मात्र मवाळ झाला नव्हता. 1923 मध्ये काकिनाडा येथील काँग्रेसच्या अधिवेशनात वंदे मातरम् गाण्यास अध्यक्षांनी हरकत घेतली असता त्यांनी न थांबता पुरे गीत गाऊनच आसन सोडले. मिरजेत गुरूंच्या मानासाठी आश्रय सोडणारा तरुण तो हाच.

21 ऑगस्ट 1931 रोजी मिरज येथे त्यांचे देहावसान झाले. एकोणसाठावा वाढदिवस होऊन तीन दिवस झाले होते.

छप्पर गेले, घर राहिले

इमारत गेली तेव्हा पुष्कळांना वाटले की आता सारे संपले. तसे घडले नाही. बुवांच्या निधनानंतर त्याच वर्षी, डिसेंबर 1931 मध्ये, शिष्यमंडळी अहमदाबादेस एकत्र जमली आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना झाली. याच मंडळाच्या परीक्षा आज लहानमोठ्या गावांतील हजारो मुले देतात. 1932 मध्ये विनायकबुवांनी पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले.

बुवांचा मुलगा दत्तात्रय वडिलांच्या निधनसमयी अवघा दहा वर्षांचा होता. ज्या माणसाने शेकडो परक्या मुलांना घर दिले त्याच्या मुलाला घर कोणी द्यायचे? ते शिष्यांनी दिले. त्याचे शिक्षण विनायकबुवा आणि नारायणराव व्यास यांनी पुरे केले. चौदाव्या वर्षी त्याने जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात गायन केले. डी. व्ही. पलुसकर या नावाने तो साऱ्या देशाला प्रिय झाला. 1955 साली ऐन तारुण्यात त्याचे निधन झाले. तरी त्याची भजने अजून लोकांच्या कानात आहेत.

देवधरांनी 1925 मध्ये मुंबईत संगीताची शाळा काढली होती. बेळगावजवळच्या सुळेभावी गावचा एक लहान मुलगा त्यांच्याकडे येऊन राहिला आणि शिकला. पुढे कुमार गंधर्व म्हणून जो जगाला माहीत झाला तो हाच. बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरच्या वाटेवर ओवरीत काढलेल्या रात्रींपासून कुमारांपर्यंत ही एकच परंपरा आहे. प्रत्येक पिढीत कोणी तरी दार उघडले म्हणून ती पुढे गेली.

आपल्या भागाचे मिरजेशी नाते जुने आहे. लातूर, तेर, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर या मार्गाने धावणारी बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी 1927 पासून मिरजेपर्यंत जाऊ लागली होती. मिरजेची तंतुवाद्ये तर प्रसिद्धच आहेत. आज ती छोटी गाडी राहिली नाही, रूळ रुंद झाले. परंतु गाण्यासाठी सोलापूर, लातूर किंवा पुण्याला निघालेल्या मुलामुलींपुढील तीन प्रश्न अजून तेच आहेत. खोलीचे भाडे, खानावळीचे पैसे, आणि त्यासाठी मिळेल ते काम. कोणी लहान मुलांच्या शिकवण्या करतो, कोणी कीर्तनात पेटी धरतो, कोणी लग्नाकार्यात गातो. रात्री दमून आल्यावर रियाजाला जी ताकद उरते तेवढ्यावरच त्यांचे गाणे उभे असते.

विष्णु दिगंबरांच्या चरित्रातून गावाने घ्यायचा तो बोध साधा आहे. दुरुस्त झालेल्या ओवरीला नुसते कुलूप पडू नये. परगावचा एखादा विद्यार्थी उत्सवात सेवा करायला आला तर त्याला निजायला कोरडी जागा आणि गरम भाकरी मिळावी. गाणे झाल्यावर त्याची बिदागी नारळाच्या आड न लपविता, मोजून, मानाने हातावर ठेवावी. आणि त्याचे गुरू हयात असतील तर पहिले निमंत्रण त्यांना जावे. एवढे घडले तरी देणगीदारांचा पैसा आणि गावकऱ्यांचे श्रम सत्कारणी लागले असे होईल, आणि पहाटेच्या काकड्याला देवाच्या कानी एक चांगला सूर पडेल.